मंगलअक्काच्या गोळ्या

मंगलअक्कानं एकही गोळी चुकवली नव्हती.

काल तिच्या दारात उभं राहून तिचाच मुलगा सांत्वनाला आलेल्यांना सांगत होता, "औषधात हयगय केली हो तिनं."

म्हणून हे लिहितोय.

दुर्गदबैलच्या बाजारातलं तिचं ब्लाऊजपीसचं दुकान अनेकांना माहीत असेल. आमची ओळख मात्र हॉस्पिटलच्या बाकावरची. दोघांनाही एकच रक्ताचा कॅन्सर, सीएमएल. गोळीही एकच, रोज जेवणानंतर.

माझे रिपोर्ट सुधारत गेले. तिचे नाही.

घरी संशय सुरू झाला. मुलगा समोर उभा राहायचा. "आ कर. जीभ वर कर."
जिच्या शब्दावर बाजारातले लोक डोळे मिटून माल न्यायचे, ती बाई रोज तोंड उघडून दाखवायची.

तिला वेगळाच संशय. गोळ्या डुप्लिकेट असणार.

"अण्णा, तुमचा माल अस्सल दिसतोय. बदलून बघूया."
"अक्का, हे काय कापड आहे?"
"कापडात मी कधी फसले नाही. सुम्मने कोडरी! गप द्या म्हणते ना."

डोस सारखाच होता. पुढच्या तपासणीपर्यंत माझ्या गोळ्या तिनं घेतल्या, तिच्या मी.

मी ठणठणीत. तिचा आजार वाढलेला.

"गोळी खरी निघाली की हो," ती म्हणाली. माल अस्सल निघाला म्हणून इतकं खचलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

मग डॉक्टरांनी रक्तातलं औषधाचं प्रमाण तपासून घेतलं. ते पुरेसं होतं.
"औषध रक्तात पोचतंय. पण पेशी ते आत ओढून घेत नसाव्यात. काहींच्या बाबतीत होतं असं. यांची चूक नाही."
"म्हणजे माल दारात, आणि आतून शटर बंद?"
"तसंच."

औषध बदललं. पण उशीर झाला होता.

डॉक्टरांकडून निघताना मुलगा रिक्षा आणायला गेल्यावर ती मला म्हणाली होती, "पेशी काय, त्या मला ओळखत नाहीत. हा तर पोटचा."

बाळू, त्या दिवशी डॉक्टरांसमोर तू तिच्या शेजारच्याच खुर्चीत होतास. सगळं ऐकलंस. आणि काल पुन्हा तेच बोललास.

तुझं दुःख मला कळतं. पेशींशी भांडता येत नाही. आईला दोष देणं सोपं, ती आता उलट बोलणार नाही.

मी बोलेन.

अक्का, नीट जा. तुझं नाव निघेल तिथं मी हेच सांगेन.