घर हलवायचा ठराव

श्रीपतींच्या घरात चटणी वाटायची म्हटली तरी सूचक आणि अनुमोदक लागतो, असं ढोकीत लोक गमतीनं म्हणतात. जाईबाईंना त्यात गंमत वाटत नाही. लोकांचं काय जातंय, ते हसतात आणि आपापल्या घरी जातात. जाईबाईंनी त्याच घरात चाळीस वर्षं संसार केला आहे.

श्रीपती साखर कारखान्यात गोदामावर होते. तिथून निवृत्त झाले, अध्यक्षपदावरून मात्र झाले नाहीत. वस्तीतली जयंती असो, विहाराची बैठक असो, लग्नातली भाषणं असोत नाहीतर मयतामागचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम, अध्यक्षस्थानी श्रीपतीच. बाहेरची ही सवय हळूहळू उंबरा ओलांडून आत आली. म्हैस विकायची, सभा. थोरल्या प्रसेनजितचं लग्न ठरवायचं, सभा. खाली सतरंजी, वर हातांची एकुलती एक खुर्ची, मेणबत्ती, त्रिसरण-पंचशील, आणि मग घसा खाकरून, ‘आजच्या सभेपुढं विषय असा की’. शेवटी ठरलेलं वाक्य: ‘ठराव सर्वानुमते मंजूर.’ या सर्वांमध्ये आपण कधी होतो, हे जाईबाईंना आठवत नव्हतं. त्या आत चहा करत असायच्या. चहा तेवढा सर्वांना पुरायचा.

यंदाचा विषय मोठा होता. प्रसेनजित धाराशिवला एका कचेरीत कारकून आणि त्याची बायको पौर्णिमा तिथल्याच दवाखान्यात नर्स. दोघं रोज एसटीनं जाऊन-येऊन करायची. पौर्णिमाची पाळी कधी सकाळची, कधी दुपारची. गाडी मात्र तिच्या पाळीला कधी जुळली नाही. तिच्याबरोबरच्या एका बाईंच्या घराचा वरचा मजला रिकामा झाला. सगळ्या घराला पुरेल एवढा, मोरीसुद्धा आत. पण सोमवारपर्यंत होय-नाही सांगा, मागं दुसरे लोक थांबलेत, असा निरोप.

पौर्णिमानं धुणं पिळता पिळता सासूला सांगून टाकलं होतं. “आत्या, ठराव होऊ द्या न्हायतर न होऊ द्या, आमी दोघं जाणार. मला आता झेपंना. पण तुमाला ठेवून जायला पाय निघंना.”

संध्याकाळी भाजी निवडताना पौर्णिमा दवाखान्यातल्या गोष्टी सांगायची, आणि हसून हसून जाईबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्या घरात ‘विषय’ नसताना त्यांच्याशी बोलणारं एवढं एकच माणूस होतं. ती गेली की मागं कोण? नवरा, जो बोलत नाही, मार्गदर्शन करतो. आणि धाकटा बुद्धघोष, जो शेत आणि ट्रॅक्टर सांभाळतो आणि घरात फक्त जेवायला तोंड उघडतो. या दोघांच्या तावडीत एकटं उरायचं. त्यांना जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं.

पहिली सभा भरली तेव्हा बुद्धघोष उसाच्या फेरीवर होता. श्रीपतींनी सगळ्यांकडे पाहिलं आणि जाहीर केलं, “गणपूर्ती न्हाय. सभा तहकूब.” सभा उठली, आणि उठून जाणार कुठं, तिथंच ताटं मांडून जेवायला बसली.

दुसऱ्या सभेत खुद्द अध्यक्षांनीच उपविषय काढला. समजा गेलो, तर विहाराची चावी कुणाच्या ताब्यात द्यायची? त्यावर ते एकटेच बोलले, एकट्यानंच हरकत घेतली, स्वतःच ती फेटाळली. जाईबाईंनी दोनदा चहा केला. घराचा विषय तसाच राहिला. घोंगडं भिजत ठेवावं तर श्रीपतींनीच.

तिसरी सभा रविवारी दुपारी भरली. वंदना झाली. जाईबाईंनीही आतल्या दारात उभं राहून हात जोडले, मोठ्यानं म्हटली, आणि त्या चहाकडे वळल्या. पौर्णिमानं ठराव मांडला. श्रीपतींनी प्रसेनजितकडे पाहिलं. हा लेक बायकोपाशी ‘जाऊच’ आणि बापापुढं ‘बघू’.

“म्या तटस्थ,” प्रसेनजित सतरंजीच्या दशांना म्हणाला. पौर्णिमानं त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा असता तर तिथंच भस्म झाला असता.

“माझा इरोध,” बुद्धघोष म्हणाला. “मला भाकरी कोण टाकणार?”

श्रीपती खुर्चीत ताठ झाले. “बाजूनं एक. इरोधात बुद्धघोष आन् जाईबाई, असे दोन. अध्यक्षाला मत नसतं, ते आपण देत न्हाय. ठराव नामंजूर. सर्वानु—”

आत फस्सकन चहा उतू गेला. जाईबाईंनी गॅस बंद केला. गेल्याच जयंतीला याच माणसानं माईक धरून बायकांच्या हक्कांवर भाषण ठोकलं होतं, आणि बायकांत पुढं बसून पहिली टाळी जाईबाईंनीच वाजवली होती. ती टाळी आठवून त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या पदराला हात पुसत सतरंजीवर येऊन उभ्या राहिल्या.

“मला कवा इचारलं?”

“तू सभेत कुठं हुतीस?” श्रीपती गोंधळले. “तू तर आत हुतीस.”

“आत हुते, तर मग इरोधात कशी मोजली? आन् वंदना म्या आतनंच म्हणले न्हवं? ती चालली, आन् मत चालंना व्हय?”

पौर्णिमानं तोंडात पदर कोंबला. श्रीपतींनी वर भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे पाहिलं. तिथून काही सुटका होण्यासारखी नव्हती.

“तुजं मत काय?” त्यांनी विचारलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

“जायचं. पौर्णिमासंगं जायचं. आन् बुद्धघोषा, ती पोरगी एवढी वरसं रोज एसटीचे धक्के खातीय. तुला भाकरी पायजे तर तू ये की फटफटीवर!”

श्रीपतींनी बोटांवर मतं पुन्हा मोजली. माणूस वैतागवाणा खरा, पण नियम कधी मोडत नाही, एवढं श्रेय जाईबाईही त्याला देत होत्या. श्रीपतींनी खालच्या आवाजात सांगितलं, “बाजूनं दोन. इरोधात एक. तटस्थ एक. ठराव मंजूर.” मग थांबून म्हणाले, “आन् मला यायचं नसलं तर?”

“अध्यक्षाला मत नसतं. तुमीच सांगता.”

श्रीपती खुर्चीवरून उठले. गुडघ्यांवर हात देत खाली सतरंजीवर बसले, लेकांच्या रांगेत.

“आता म्या अध्यक्ष न्हाय. आता ऐक. तिथं मला कोण वळखतंय? हितं मैतीला बी लोक खोळंबतेत, श्रीपती आल्याबिगर बोलायला कुणी उठत न्हाय. तिथं म्या कोण? पौर्णिमाचा सासरा.”

एवढंच होतं तर. यासाठी गणपूर्ती, यासाठी चावी, यासाठी तीन सभा आणि चहाची पातेली. जाईबाईंना क्षणभर त्यांची कीव आली. खाली बसल्यावर ते किती लहान दिसत होते. पण कीव आली तशी गेली, कारण त्यामागं बरंच काही साठलं होतं.

“म्या चाळीस वरसं श्रीपतीची बायको हाय,” त्या म्हणाल्या. “जगले का न्हाय?”

त्या दिवशी आभारप्रदर्शन राहून गेलं.

पौर्णिमानं सोमवारी होकार कळवला आणि आठवडाभरात बुद्धघोषनं तोंड पाडून का होईना, ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. भांडी, गाद्या, धान्याची पोती अंगणात येऊन पडली. जाईबाईंनी सगळ्यात आधी खुर्ची चढवायला लावली.

श्रीपती विहाराची चावी हातात घेऊन उभे होते. अजून ती कुणाला दिली नव्हती.

“खुर्ची आता कशाला?” ते म्हणाले. “तिथं कुठली सभा?”

“बसायला,” जाईबाई म्हणाल्या. “म्या बसणार हाय.”

श्रीपतींनी खुर्चीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग ते शेजारी चावी द्यायला गेले.