आबांच्या अंगातले दोन स्वेटर

ज्या माणसाला साधा पावसाचा शिंतोडासुद्धा महापूर केल्याशिवाय सांगता येत नाही, त्यानं देवाचा अनुभव लिहावा का, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळत होता. मी वडाप चालवतो. कोल्हापुरातून जीप भरून माणसं जोतिबाच्या डोंगरावर न्यायची आणि खाली आणायची. घाट चढताना मी जे सांगतो त्यातलं निम्मं घडलेलं नसतं, आणि उरलेलं निम्मं दुसऱ्याच कुणाच्या तरी बाबतीत घडलेलं असतं. म्हणून हे लिहिताना बायकोला शेजारी बसवलंय. मी वाढवून लिहायला लागलो की ती माझा हात धरते. आतापर्यंत चारदा धरलाय.

माझ्या गोष्टींचा नायक कायम आमचे आबा. माझे वडील. तरुणपणी तालमीत वाढलेले, चैत्राच्या यात्रेत गावाची सासनकाठी नाचवणारे. दोन मजली घराच्या वर जाणारी ती उंच काठी कमरेच्या पट्ट्यावर तोलून नाचवायची म्हणजे खायचं काम नव्हे. आता एवढं खरं होतंच, तेवढ्यावर थांबावं की नाही? पण माझ्या तोंडात ती काठी दरवर्षी हातभर वाढायची. काठीच्या चारी बाजूंनी दोर ताणून धरणारी माणसं असतात, तीही मी हळूहळू काढून टाकली. माझ्या गोष्टीत आबा एकटे.

खरे आबा मात्र गेली काही वर्षं घरात आटत चालले होते. खाटेवरून उठायला हात द्यावा लागायचा. मोरीत पडले. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. धोतराला दोन वेढे जास्त बसायला लागले. पण आमच्या गल्लीत एका पैलवानाला ‘थकला’ म्हणणं म्हणजे शिवी. त्यामुळं कुणी विचारलं की आम्ही सगळे एकसुरात म्हणायचो, “गुडघा धरलाय!” सगळं त्या गुडघ्यावर खपायचं.

मग त्यांच्या डाव्या हातातून भाकरी गळून पडायला लागली, बोलणं अडखळायला लागलं. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या आवरणावर गाठ निघाली. सावकाश वाढणारी, पण आता मेंदूला दाबत होती. माझी पाचावर धारण बसली. कुणीतरी कानात घातलं होतं की म्हातारा माणूस बघितला की डॉक्टर हात लावत नाहीत, ‘वय झालंय, घरी न्या’ म्हणतात. मी ठरवलं, आपल्या आबांना कुणी नाही म्हणायचं नाही.

म्हणून मेंदूच्या सर्जनकडं जायच्या दिवशी मी आबांना मैदानात उतरवायचा पैलवान सजवावा तसं सजवलं. सदऱ्याच्या आत दोन स्वेटर, म्हणजे छाती भरलेली दिसावी. कमरेला घट्ट पट्टा, म्हणजे वाकू नयेत. डोक्याला फेटा. डॉक्टर यायच्या आधीच खुर्चीत नेऊन बसवलं, म्हणजे त्यांना चालताना कुणी बघू नये. बायको म्हणाली, “आवं, खरं काय ते सांगा. परवा मोरीत पडल्यात.” मी म्हणालो, “तू गप. अपशकुन करू नकोस.”

डॉक्टरबाई माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाच्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “काका घरात स्वतःचं स्वतः करतात का? मधे कधी पडले होते? वजन कमी झालंय? जेवण कसं आहे?”

“जेवण?” मी म्हणालो, “बाई, अजून तांबड्या रश्श्याचं पातेलं तोंडाला लावतोय म्हातारा! गेल्या चैतात काठी नाचवलीया. पडतोय कसला, पाडतोय!”

बायकोनं तोंड उघडलं तर मी आवाज चढवला. आबा काहीच बोलले नाहीत. फेट्याखालून माझ्याकडं बघत होते. ती नजर आठवली की आजही जेवताना घास फिरतो. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवला. पूर्ण गाठ काढायची, मोठं ऑपरेशन, दिवस ठरला. मी बाहेर येऊन मिशीला पीळ दिला. लाज वाटायला हवी होती, ती तेव्हा वाटली नाही, हीच माझी खरी लाज.

दाखल करायच्या आदल्या दिवशी रविवार होता. जोतिबाचा वार. गाडी भरली आणि मी निघालो. वर जाऊन नवस बोलायचा होता. माझ्या शेजारी निपाणीकडची एक आज्जी बसली होती. मांडीवर खोबऱ्याची पिशवी. घाट लागला तसा मी सुरू झालो. उद्या आबांना दाखल करणार, परवा डोक्यातली गाठ काढणार, तेरवा ते उठून बसणार, येत्या रविवारी चालत डोंगर चढणार! गाडीतली माणसं ‘चांगभलं’ करायला लागली. आज्जी तोंड उघडं ठेवून ऐकत होती. माझं सगळं तिनं अक्षरशः खरं मानलं. मग अगदी साधेपणानं म्हणाली, “तम्मा, बाळा, एवढा ताकदीचा गडी, तर मग आज देवाच्या पाया पडाय का आणला न्हाईस त्याला?”

टोमणा नव्हता हो तो. म्हातारीला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर थाप येईना. माझ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. झोपेत विचारा, माझ्याकडं थाप तयार असते. डोळ्यांपुढचा रस्ता पाण्यात बुडाला. मी गाडी कडेला घेतली.

“काय झालं रं?” मागून कुणीतरी ओरडलं.

“त्याला उठवत न्हाय, आज्जी,” मी म्हणालो.

आज्जीनं पिशवीतली खोबऱ्याची एक वाटी काढून माझ्या हातावर ठेवली, आणि म्हणाली, “मग हे त्याला दे. आणि देवाला हेच सांग, मला सांगितलास तसं.” वर पोचल्यावर ती गर्दीत मिसळली, पुन्हा दिसली नाही. मी तिला देवाचं रूप वगैरे म्हणणार नाही. बायकोनं आत्ताच हात धरला. मी एवढंच सांगतो की गाभाऱ्यासमोर उभा राहिलो तेव्हा नवस आठवला नाही. तोंडातून एवढंच आलं, “देवा, म्हातारा थकलाय.”

दुसऱ्या दिवशी वॉर्डात मी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. मोरी, भाकरी, धोतर, स्वेटर. त्या ओरडतील असं वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, “काढा स्वेटर.” एक काढला, दुसरा काढला. आत बरगड्या. बाईंनी आबांना आपला हात दाबायला सांगितला, मग आधार न घेता खुर्चीतून उठायला सांगितलं. आबांनी दोनदा जोर केला आणि खाली बसले. मी भिंतीकडं तोंड केलं.

“वय मला कागदावर दिसतं,” बाई म्हणाल्या, “अंगात किती उरलंय ते घरच्यांनी सांगायचं असतं. एकाच वयाची दोन माणसं असतात. एक चालत घरी जातो. दुसऱ्याची गाठ अगदी नीट निघते, पण माणूस पुन्हा अंथरुणातून उठत नाही.”

“मग आता करणार न्हाईसा?”

“करू. पण ह्या काकांचं करू. तुम्ही सांगितलेल्या काकांचं नाही.”

मी आबांपुढं उकिडवा बसलो. “आबा, तुम्ही का बोलला न्हाईसा?”

आबांची जीभ जड झाली होती, तरी हसले. “तू इतक्या जोरात सांगत हुतास, की मलाच खरं वाटाय लागलं.”

मग सूज उतरायची औषधं दिली, ऑपरेशन काही आठवडे पुढं गेलं. बायकोनं त्यांना अंडी, डाळ, दूध थोडं थोडं करून भरवलं. मी रोज हात धरून त्यांना अंगणात चालवलं. ऑपरेशन छोटं केलं, गाठीचा शिरेला चिकटलेला तुकडा तसाच ठेवला. नंतर काही दिवस आबा भ्रमात होते. वॉर्डात ओरडायचे, “काठी कलली! दोर धरा रं, दोर!” मी त्यांचा हात गच्च धरून म्हणायचो, “धरलाय आबा, धरलाय.” इतकी वर्षं ज्यांना मी गोष्टीतून हाकललं होतं, त्यांनाच ते हाका मारत होते.

आबा घरी आले. वॉकर धरून मोरीपर्यंत जातात. माझं नाव कधी विसरतात, कधी त्यांच्या भावाच्या नावानं हाक मारतात. आधी ठरलेलं मोठं ऑपरेशन केलं असतं तर काय झालं असतं, हे बाईंनाही सांगता येत नाही, मी तर मुळीच सांगणार नाही. मला एवढंच समजलं, की देवाच्या हवाली करायचं म्हणजे आहे तेवढं वजन त्याच्या हातात द्यायचं. फुगवून दिलं तर तो तरी काय उचलणार?

आता रोज सकाळी आबांना आंघोळ मीच घालतो. पाठीचं हाड न् हाड हाताला लागतं. पाणी घालून झालं की मी खाली बसतो, आणि ते उठायला माझ्या डोक्यावर हात रोवतात. तो आशीर्वाद नसतो, नुसता आधार असतो. जोतिबानं मला एवढं दिलं. मी मान ताठ ठेवून, ते उभे राहीपर्यंत हलत नाही.