नाकसाहेबांचा निळा कॅन

लाँड्रीत त्यांना नाकसाहेब म्हणत, आणि त्यात चेष्टेपेक्षा मान जास्त होता. डाग काढणाऱ्याला आधी डाग ओळखावा लागतो. औषध चुकलं तर डागाबरोबर कापडही जातं. बाकीचे कारागीर कापड उजेडात धरत, बोटांनी चाचपत. नाकसाहेब ते सरळ नाकाशी नेत आणि सांगत, हा खोकल्याच्या औषधाचा, हा बुटाच्या पॉलिशचा, आणि हे अत्तर आहे, कोणाचं ते विचारू नका. एकतीस वर्षं त्यांनी वाफेच्या आणि रसायनांच्या त्या खोलीत काढली होती. "माझं नाक सांगतंय," एवढं ते म्हणाले की मालकही वाद घालत नसे.

घरात मात्र सत्ता बायकोची. बाहेरच्या खोलीत तिची चार फुटी काचेची टाकी होती आणि टाकीत पाच डिस्कस मासे, बशीएवढे गोल आणि नखरेल. सात वर्षं तिने त्यांना पोटच्या पोरांसारखं वाढवलं होतं. नळाचं पाणी त्यांना सोसत नसे, कारण ते इतकं जड होतं की किटलीच्या तळाला पांढरी खपली धरायची. म्हणून सिंकखाली पाणी शुद्ध करण्याचं यंत्र बसवलेलं होतं. त्याची धार करंगळीपेक्षा बारीक, त्यामुळे पाणी आधीपासून साठवावं लागे. ते एका जाड पांढऱ्या कॅनमध्ये साठायचं आणि रविवारी सकाळी टाकीतलं जुनं पाणी थोडं काढून हे घालायचं, असा नेम होता.

मग बायकोच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली. नाकसाहेब मुळातच भित्रे. फोन जरा जास्त वेळ वाजला तरी ते उचलायला धजत नसत. ऑपरेशन नीट पार पडलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की निदान महिनाभर पेशंटच्या मनाला धक्का बसता कामा नये. हे ऐकलं आणि नाकसाहेबांच्या डोक्यात एकच हिशेब पक्का बसला. मासे गेले तर ही जाईल. डॉक्टरीणबाई माशांबद्दल चकार शब्द बोलल्या नव्हत्या, पण घाबरलेल्या माणसाला कोण समजावणार?

आणि नेमका शुक्रवारी तो पांढरा कॅन शिवणीवर उकलला. सकाळी उठून बघतात तर स्वयंपाकघरात तळं साचलेलं आणि कॅन रिकामा. दोन दिवसांत नवा कॅन हवा होता आणि तो भरायला रात्र जाणार होती.

कॅन कसा असावा याबद्दल बायकोचे नियम त्यांना तोंडपाठ होते. धातूचा नको, पाण्यात उतरतो. आरपार दिसणारा नको, उजेड लागला की शेवाळ धरतं. झाकण घट्ट हवं. आणि ज्यात कधी साबण होता असं भांडं तर अजिबात नको. शनिवारी ते कोपऱ्यावरच्या प्लास्टिकच्या दुकानात गेले. तिथले सगळे कॅन दुधी, पातळ, मागे हात धरला तर बोटं मोजता येतील असे. शिवाय दुकानदार म्हणाला की नव्या प्लास्टिकला वास फार, चार दिवस उन्हात ठेवा आणि मग वापरा. नाकसाहेबांनी एका कॅनमध्ये नाक घालून पाहिलं. कसलाही वास नव्हता. याला वासातलं काय कळतंय, असं मनाशी म्हणत ते बाहेर पडले.

लाँड्रीच्या मागच्या खोलीत मात्र हवा तसा कॅन होता. निळा, जाड, घट्ट फिरकीच्या झाकणाचा. त्यात कपडे मऊ आणि सुवासिक करायचं औषध यायचं. नियमात हे बसत नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण नियम साध्या माणसांसाठी असतात, ज्यांना नाक नसतं त्यांच्यासाठी, असं त्यांनी ठरवलं. गरम पाण्याने सात वेळा धुतला, आत वाफ सोडली, पुन्हा धुतला आणि प्रत्येक वेळी वास घेतला. शेवटी त्यांनी स्वतःला दाखला दिला की दुकानातल्या नव्या कोऱ्या कॅनइतकाच हा स्वच्छ आहे.

रविवारी सकाळी त्यांनी टाकीत पाणी घातलं. तासाभरात मेहुणी आली. बहिणीचे धुतलेले कपडे हॉस्पिटलात न्यायला ती एक दिवसाआड यायची. ती उंबऱ्यातच थबकली.

"भाऊजी, घरभर लाँड्रीचा वास येतोय."

माझ्या कपड्यांचा असेल, नेहमीचाच, असं ते म्हणाले. ती मान हलवत आत आली, टाकीपाशी गेली, मग सिंकखालच्या कॅनपाशी वाकली आणि झटकन मागे झाली. टाकीत पाचही मासे एका कोपऱ्यात गोळा झाले होते. त्यांचा रंग काळवंडला होता आणि कल्ले भराभर उघडमिट करत होते. नाकसाहेबांनी धावत जाऊन कॅनच्या तोंडाला नाक लावलं, पुन्हा लावलं, डोळे मिटून लावलं. त्यांना कसलाही वास येत नव्हता.

मेहुणीने फडताळातून एक डबा काढला, त्यांना डोळे मिटायला सांगितले आणि तो उघडून नाकाखाली धरला. यात काय आहे, असं विचारलं.

"रिकामा आहे," ते म्हणाले.

डोळे उघडले तर डबा काठोकाठ कॉफीने भरलेला होता.

पण घाबरायलासुद्धा सवड नव्हती. मेहुणीने पाणीवाल्याला फोन करून शुद्ध पाण्याचे चार मोठे जार मागवले. एका तासात स्वतःच्या घरचा पिठाचं जाड पिंप रिकामं करून, धुऊन घेऊन आली. प्रत्येक जार, प्रत्येक बादली, नळीचं टोकसुद्धा तिने हुंगून पाहिलं. नाकसाहेब भांडं उचलत, तिच्यापुढे धरत आणि तिने मान डोलावली की टाकीत ओतत. आयुष्यभर लोकांनी कापडं त्यांच्यापुढे धरली होती. आता ते दुसऱ्याच्या नाकाकडे डोळे लावून उभे होते, आणि तिच्या कपाळावर आठी दिसली की भांडं मागे घेत होते.

दुपारपर्यंत तीन वेळा पाणी बदललं. चार मासे हळूहळू कोपऱ्यातून बाहेर आले. सगळ्यात मोठा, तांबड्या पट्ट्यांचा, तो आडवा झाला तो पुन्हा उठला नाही. संध्याकाळी बायकोचा फोन आला. मासे कसे आहेत, तिने विचारलं. मजेत आहेत, असं त्यांनी सांगितलं.

बुधवारी ती घरी यायची होती. मधे दोन दिवस होते. तसाच मासा कुठे मिळतो का, म्हणून ते दोन दुकानं फिरले, पण ती पट्ट्यापट्ट्याने ओळखणार हे त्यांनाही ठाऊक होतं. लाँड्रीत त्यांनी एक कोट नाकाशी नेला, काहीतरी ठोकून दिलं आणि मग तो परत ठेवला. किती दिवस आपण असं ठोकून देत होतो? डाग बघून, गिऱ्हाइकाच्या बोलण्यावरून अंदाज बांधत होतो आणि श्रेय नाकाला देत होतो. याचं उत्तर शोधायची त्यांना हिंमत झाली नाही.

बुधवारी बायको आली. मेहुणी तिला खुर्चीत बसवून औषधं आणायला गेली. बायकोची नजर टाकीवर गेली आणि नाकसाहेबांना तिचे ओठ हलताना दिसले. ती मोजत होती. पाठ करून ठेवलेली सबब विसरून त्यांनी तिच्या पायाशी बसकण मारली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कॅन, लाँड्री, कॉफीचा डबा, सगळं. सांगताना ते तिच्या छातीकडेच बघत होते.

तिचे डोळे भरले होते, पण श्वास शांत होता.

"वास येत नाही, ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "दीड वर्ष झालं."

"कसं?"

"तुम्ही रोज दारातून आत आलात की म्हणता, वा, काय वास सुटलाय. एकदा मला ताप होता. त्या दिवशी मी काही शिजवलंच नव्हतं. तरी तुम्ही म्हणालात."

मग सांगितलं का नाहीस, असं त्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली की ज्या माणसाला सगळे नाकसाहेब म्हणतात त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं. मग तिने त्यांचा हात हातात घेतला. तिचा हात गार होता.

"मला ऑपरेशनची भीती नव्हती हो. तुम्ही इथे एकटे होतात. रोज झोपायच्या आधी गॅसचा वास घ्यायला मी जाते. हे नऊ दिवस कोण जाणार, हाच विचार करत मी पडून होते."

नाकसाहेब काहीतरी हसून बोलणार होते. तेवढ्यात त्यांना सोमवारची सकाळ आठवली. शेगडी पेटलेली नव्हती, तरी तिचं एक बटण अर्धवट उघडं दिसलं होतं. आपणच घाईत नीट बंद केलं नसेल, असं म्हणून त्यांनी ते फिरवून बंद केलं होतं. मग खिडकी न उघडताच, तिथेच उभं राहून, त्यांनी चहासाठी काडी हातात घेतली होती. काड्यांची पेटी ओली निघाली. शेजारी जाऊन दुसरी आणायचा कंटाळा आला, म्हणून ते चहा न पिताच कामावर गेले होते.

हे त्यांनी तिला सांगितलं नाही. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ते उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले आणि तिथून पुढे त्यांचा पाय उचलेना.

"अगं," ते म्हणाले, "दमली नसशील तर जरा येतेस? माझ्याबरोबर शेगडीपाशी."

ती खुर्चीला धरून सावकाश उठली आणि त्यांच्या खांद्यावर हात टेकून चालू लागली.