कान्हूमामा घर बघतात

बहात्तराव्या वर्षी आमचे कान्हूमामा नवं घर बघायला निघाले तेव्हा मला त्यांचा रागच आला. गडब गावाजवळ, खाडीकाठच्या खारेपाटात स्वतःचं घर असताना म्हाताऱ्यांच्या वसाहतीत कशाला जायचं? मामी जाऊन पाच वर्षं झाली होती. मुलगा ऐरोलीला बोलवत होता, पण त्याच्या संसारात लुडबुड करायची नाही, हे मामांचं पक्कं होतं. तब्येत ठणठणीत, स्वयंपाक स्वतःचा स्वतः. धास्ती एकच. शेजारचे दाजी घरात पडले आणि दोन दिवस कुणाला पत्ताच नव्हता.

"मराची भीती नाय मना," मामा म्हणायचे, "पन सकाली उठलो नाय, त दुपारपर्यंत कुनाला तरी कलाला पायजे."

खांब गावाच्या पुढची वसाहत बघायला शेवटी मीच त्यांना स्कूटरवरून नेलं. तिथले व्यवस्थापक दत्तात्रेय हौसेनं सगळं दाखवत होते. पाय न घसरणारी फरशी, जेवणघर, पलंगाशी घंटा. मामांचे प्रश्न संपेनात. घंटा वाजवायला माणूस शुद्धीवर नको का? सगळ्यांची दारं दिवसाढवळ्या बंद का?

"आनि हितं माज्या वाट्याला काम काय?"

"काका, इथं फक्त आराम!" दत्तात्रेय हसले. मामांचा चेहरा उतरला.

त्यामागचं कारण मला घरी येताना कळलं. भरतीचं पाणी अडवणाऱ्या बांधाचा एकेक तुकडा खारेपाटात एकेका घराकडे असायचा. एखाद्याचा तुकडा लिंपायचा राहिला की गाव आधी त्याच्या दारात जायचं, बरा आहेस ना विचारायला. मामांना तसलं काम हवं होतं.

तरी आठ दिवस राहून बघायचं ठरलं. रोह्याच्या कंपनीत मामांनी पंचवीस वर्षं पंपावर शिफ्ट केल्या होत्या. दत्तात्रेयांचं डोकं खाऊन त्यांनी सकाळी सहाला टाकीचा व्हॉल्व्ह उघडून घरोघर पाणी सोडायचं काम मिळवलंच.

सहा दिवस पाणी वेळेवर आलं. सातव्या दिवशी मामा मुद्दाम अंथरुणातच पडून राहिले, दार नुसतं लोटून.

थोड्याच वेळात बाहेर गलका झाला. अर्ध्या तोंडाला साबण लावलेले एक मास्तर, रिकामी बादली घेतलेल्या शेजारच्या पुतळीबाई, मागून धापा टाकत दत्तात्रेय आणि आणखी चौघं. पुतळीबाईंनी मामांना गदागदा हलवलं. मामांनी डोळे उघडले, तशा त्या मटकन खाली बसल्या आणि रडायलाच लागल्या.

"मेलात की काय वाटलं हो!"

मामांनी सगळ्यांची माफी मागितली आणि मला फोन केला. मी चांगलंच झापलं. असली थट्टा करतात का या वयात?

"थट्टा नाय रं," मामा म्हणाले. "पंधरा मिन्टांत सात जना आली. माजं सामान घेऊन ये."