सातव्या पाइपाची तार

प्रकल्पावर त्याला सगळे 'मीठवाला' म्हणायचे. मैदानातले हजारो आरसे सूर्याबरोबर मान वळवत आणि सगळं ऊन एका उंच मनोऱ्याच्या माथ्यावर फेकत. तिथे वितळलेलं मीठ रटरटून तापायचं, पाण्यासारखं वाहत खाली टाकीत उतरायचं. त्याच्या धगीवर वाफ, वाफेवर वीज. सूर्य मावळला तरी टाकी तापलेलीच. या मिठाची खोड एकच. दोनशे चाळीस अंशांच्या खाली आलं की त्याचा दगड होतो. म्हणून पाइपांना विजेच्या गरम तारा गुंडाळलेल्या, आणि रोज सकाळी मीठ सोडण्याआधी पाइप न् पाइप तपासायचा तो यानेच.

"लोक खाल्ल्या मिठाला जागतात," तो म्हणायचा, "मी न खाल्लेल्या."

हे काम त्याला शिकवलं दाजींनी. ताईचा नवरा, तोच पाळीचा प्रमुख. ताई तिथलंच कँटीन चालवायची.

त्या सकाळी सातव्या पाइपाची तार थंड निघाली. तो तडक कँटीनमध्ये गेला.

"दाजी, सात नंबरची तार मेलीय. मीठ सोडू नका."

"अगं, तुझ्या भावाला चहा दे. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड झालंय."

"वहीत लिहू ना?"

"मी लिहितो. तू त्या टोकाचा पंप बघून ये."

ताई चहा ओतता ओतता हसली. "लहानपणी कुलूप ओढून बघायला तीनदा मागे फिरायचा हा."

दहाला मुख्य कचेरीतून पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर प्रकल्प बंद दिसायला नको, म्हणून दाजींनी मीठ सोडायला लावलं. सव्वादहाला सातव्या पाइपात दगड झाला आणि सगळंच ठप्प.

प्रकल्पाच्या साहेबांनी दोघांना ऑफिसात बोलावलं आणि तपासणीची वही पुढे सरकवली. सात नंबरसमोर 'ठीक', दाजींच्या अक्षरात. तपासणारा म्हणून याचं नाव.

"मला हा काही बोललाच नाही," दाजी म्हणाले. "घरचा माणूस म्हणून सांभाळला, साहेब. किती सांभाळायचं?"

"ताईला विचारा," तो म्हणाला. " तिच्यासमोर सांगितलंय."

ताई ओले हात पुसत आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"मी चहा ओतत होते, साहेब. माझं लक्ष नव्हतं."

त्याच्या ओठांवर तिनेच सकाळी हसत सांगितलेली कुलपाची गोष्ट आली होती. ती त्याने गिळली.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब म्हणाले.

त्याने तापमापक टेबलावर ठेवला, वही ओढली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं: नऊ नंबरची तार कमी तापतेय. वही दाजींकडे फिरवली.

"वाचलं म्हणून सही करा."

"आता माझी सही घेणार तू?"

"हो. इथे, खाली."

दाजींनी साहेबांकडे पाहिलं. साहेब वहीकडेच बघत होते. दाजींनी सही केली.

ताईने मधल्या वेळात चहा आणून त्याच्यासमोर ठेवला होता. बिनसाखरेचा. तेवढं तिच्या लक्षात होतं. तो कपाला हात न लावता उठला.