शूटिंग तू कर

लेकीच्या हळदीसाठी जुना कॅमेरा शोधायचा, हे खूळ तिचंच. मोबाईलमध्ये तसं चित्र करून देणारी ॲपं आहेत, पण ती म्हणे खोटी वाटतात. म्हणून पारनेरहून एसटीनं आम्ही दोघी नगरला गेलो. दुरुस्तीवाल्यानं कपाटातून तीन कॅमेरे काढले. खांद्यावर घ्यायचा होता तो चालूच होईना. कार्डवाल्यात चित्र फार स्वच्छ, लेकीनं नाक मुरडलं. तिसऱ्यात छोटी कॅसेट जायची. त्याची बॅटरी मेलेली, वायर लावूनच चालायचा, पण त्यात तिचा चेहरा पिवळसर, जरा विरघळल्यासारखा दिसला आणि बाई खूश!

"आई, हाच! तुझ्या लग्नाच्या कॅसेटसारखा रंग आहे बघ."

त्या कॅसेटचं नाव काढलं की माझं टाळकं फिरतं. टॉवेल-टोपीचा आहेर करणारा एकूणएक पाव्हणा तिच्यात आहे, कोणी काय दिलं याचा पुरावा म्हणून वस्तूसकट टिपलेला. माझी आई मात्र नाही. ती विधवा, म्हणून मांडवात आलीच नाही; आचारी स्वयंपाक करत होते तिकडं बसून राहिली. आता माझाही नवरा गेलाय. पण लेकीला मी बजावून ठेवलं होतं, तुला पहिली हळद मीच लावणार.

हळदीच्या सकाळी सवाष्णी आंब्याची पानं घेऊन तयार. मी हळदीच्या वाटीला हात घालणार तोच मोठ्या जाऊबाईंनी ती उचलली. आवाज असा गोड की मुंग्या लागाव्यात.

"अगं, तू शूटिंग कर की. तुलाच येतंय ते. आमाला कुठं कळतंय त्यातलं?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. काय ही अक्कल! तोंडावर 'बाजूला हो' म्हणाल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. यांनी मान देऊन हाकललं. कॅमेरा धरणारा चित्रात येत नाही, एवढं त्यांना बरोबर कळत होतं. आणि तो कॅमेरा हौसेनं निवडून आणणारी मूर्ख मीच!

पाटावर बसलेली लेक माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मात्र माझं डोकंच सटकलं. मी कॅमेरा चालू केला आणि जाऊबाईंच्या हातात कोंबला. वाटी काढून घेतली.

"लाल दिवा लागलाय, जाऊबाई. आता तुमी बोलाल ते समदं आत जातंय."

त्यांनी कॅमेरा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मी लेकीच्या दोन्ही गालांना हळद फासली. पानाबिनानं नाही, हातानं.

परवा आम्ही हळदीची कॅसेट पाहिली. चित्र थरथरतंय, निम्म्या वेळा काचेवर अंगठा आलाय, आणि सगळीकडे जाऊबाईंच्या रागानं फुसफुसण्याचा आवाज. लेक म्हणाली, आवाज काढून गाणं टाकू या.

मी म्हटलं, गाणं गेलं खड्ड्यात. ते फुसफुसणं राहू दे.