ऐनाचे दोन भारे

मासवणपलीकडच्या पाड्यावरच्या टेकडीचं रान वाचलं, त्याला १९६४ साली पंचवीस वर्षं झाली आणि गावाने शाळेसमोर मांडव घातला. पुढच्या चटईवर म्हातारा देवू आणि त्याची बायको ठमी यांना बसवलं होतं. देवू नवा रुमाल बांधून ताठ बसला होता. आयुष्यभर पुढं पुढं करायची हौस, ती काय सत्तरीत जाते होय? ठमीला मात्र आज लेकाचं, जिवल्याचं, नाव निघणार हे पक्कं ठाऊक होतं. आणि एक गोष्ट आज नवऱ्याला सांगितली नाही, तर ती आपल्याबरोबर सरणावरच जाणार, हेही.

गोष्ट अशी. टेकडी लिलावात कोळशाच्या ठेकेदाराकडे जायची होती. शाळेच्या नागोराव गुरुजींनी अर्जांवर अर्ज लिहिले, देवूने पाडे पालथे घातले. तेव्हा जंगलचे मोठे साहेब म्हणाले, आधी गावानेच हात आवरून दाखवा, मग बघू. हे सोपं नव्हतं. भाताचं रोप करायचं तर जमिनीवर राब भाजावा लागतो, आणि राब म्हणजे तोडून वाळवलेल्या फांद्या. तरी सगळ्यांनी वाघदेवापुढे शपथ घेतली: टेकडीवरची फांदी तोडील तो गावाबाहेर. पंचांत मुख्य देवू.

त्याच वर्षी ठमीचा राब कमी पडला. ती लेकाला हळूच म्हणाली, "टेकडीवरून ऐनाचे दोन भारे आण. कोन बघतो?"

जिवल्या वीस वर्षांचा. "आये, शपथ हाय," एवढंच बोलला आणि कोयता घेऊन गेला. ओढ्यावर भाऱ्यांसकट सापडला.

पंचांनी विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून? त्याने बायकांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं. "कोनाच्या नाय. मलाच हाव सुटली."

ठमीने एक शब्द बोलायचा होता. तो तिच्या तोंडून निघाला नाही. ती भ्याली, आणि हे तिने स्वतःपासून कधी लपवलं नाही. देवूने पोटच्या पोराला गावाबाहेर काढलं. जिवल्या समुद्राकाठी दांडीकडे बागायतीच्या वाडीवर मजुरीला गेला आणि पावसाळ्यात दोन दिवसांच्या तापाने गेला. निरोप आला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

आता मांडवात तालुक्याचे पाहुणे बोलत होते, "ज्या बापाने शपथेपुढे लेकाची गय केली नाही, त्याचं गाव रान नक्की राखील, असं साहेबांनी लिहिलं आणि लिलाव रद्द झाला." टाळ्या पडल्या. देवूची मान आणखी वर गेली. ती वर गेलेली मान ठमीला सोसली नाही.

"त्याला मी धाडला होता," ती देवूला म्हणाली.

"कोनाला?"

"जिवल्याला. भारे मी मागितले. त्यानं माझं नाव नाय घेतलं."

देवू टेकडीकडे वळला. मग हळू बोलला, "जायच्या दिवशी बांधावर उभा होता. लई वेळ. मला वाटलं, माफी मागायला थांबलाय. मागंल तर बोलू, म्हनून मी कुंपन घालत राहलो."

"माफी कशाची मागंल तो?" ठमी म्हणाली.

कर्ण्यावरून देवूचं नाव पुकारलं. तो उठेना. म्हाताऱ्याला ऐकू येत नसेल म्हणून पाहुणेच शाल घेऊन खाली आले. देवूने त्यांचे हात धरले.

"सायेब, मला नका घालू. पोरगा बांधावर उभा होता, मी त्याला हाकसुद्धा मारली नाय."

पाहुण्यांना काही उमगलं नाही. त्यांनी शाल त्याच्या खांद्यावर घातली, आणि सगळा मांडव टाळ्या वाजवत उभा राहिला.